तीस कोटींतली एक ठिणगी

ताशी ६० च्या वेगाने निवांत चाललेली चार सिलिंडरची पेट्रोल गाडी घ्या. वरच्या गिअरमध्ये तिचे इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेत असते, सेकंदाला ४०. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चौघांचे मिळून सेकंदाला ८० वेळा इंधन पेटते, आणि आपण आत बसून गाणी ऐकत असतो.

गाडी जुनी होऊन मीटरवर २ लाख किलोमीटर दिसू लागले की हा हिशेब कुठवर जातो ते पाहा. शहरातले खालचे गिअर, हायवेवरचे वरचे गिअर, सिग्नलवरचे थांबणे असे सगळे धरले तर एका किलोमीटरला इंजिनाचे सुमारे ३,००० फेरे पडतात. २ लाख किलोमीटरला ६० कोटी फेरे, आणि त्याच्या निम्म्या, ३० कोटी ठिणग्या, एकट्या एका सिलिंडरात. बरे, ठिणगी नुसती पडून भागत नाही. ती क्रँकशाफ्टच्या ठरलेल्या अंशावर पडावी लागते, आणि २,४०० फेऱ्यांना एक अंश फिरायला सेकंदाचा १४,४०० वा भाग पुरतो. इतकी वर्षे, इतक्या काटेकोरपणे हे चाललेले असते आणि त्यातल्या एकाही ठिणगीची आपल्याला जाणीव नसते.

एखादी चुकली की मात्र अंगाला कळते. चढावर पाय दाबताच गाडी अडखळते, दोन-तीन बारीक धक्के देते आणि लगेच काही झालेच नाही अशी पळू लागते. गॅरेजवाले म्हणतात, गाडी मिसिंग करते. सतत मिसिंग करणारी गाडी सापडायला सोपी. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा सॉकेट काढत जायचे. जो काढल्याने इंजिनाच्या आवाजात काडीचा फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. जीव खाते ती मधूनच होणारी मिसिंग. मालक म्हणतो, "अहो, काल घाटात तीनदा झाली." मेकॅनिक दोन चकरा मारून येतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी तर ओके आहे." दोघेही खरे बोलत असतात.

मला या बिघाडाचे अप्रूप वाटते ते यासाठीच. सगळ्यांना तो लहरी वाटतो, आणि प्रत्यक्षात त्याच्याइतका नियमाने वागणारा बिघाड गाडीत दुसरा नसेल. तो केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, यातच त्याचे सगळे गुपित असते. ते कसे, हे समजायला आधी गाडीला स्वतःला ही चूक कशी कळते ते पाहू. कारण तिला ती माणसाच्या कितीतरी आधी कळते.

क्रँकशाफ्टच्या टोकाला एक दातेरी चाक असते. बऱ्याच गाड्यांत त्याची विभागणी ६० दात्यांची, त्यातले २ मुद्दाम गाळलेले; उरतात ५८. गाळलेल्या जागेवरून मोजणीची सुरुवात ठरते. चाकाशेजारी एक सेन्सर बसवलेला, आणि त्याच्यासमोरून एकेक दाता जाताना इंजिनाचा कॉम्प्युटर फक्त वेळ मोजत राहतो. बस, एवढेच. सिलिंडरच्या आत त्याला डोळा नाही, ज्वाळा पाहण्याची सोय नाही. पण प्रत्येक ज्वलन क्रँकला एक ढकल देते आणि दोन ज्वलनांच्या मध्ये क्रँक किंचित मंदावतो. २,४०० फेऱ्यांना अर्ध्या फेऱ्याला साडेबारा मिलिसेकंद लागतात. ज्या अर्ध्या फेऱ्यात ढकल मिळालीच नाही, त्याला जरासा जास्त वेळ लागतो. फरक इतका बारीक, की वेगात तो टक्काभरही भरत नाही. ठेक्यातली एक मात्रा किंचित मागे पडली तरी जाणकार तबलजीचा कान ती उचलतो, तसे हे यंत्र ती उचलते. कोणत्या सिलिंडरची पाळी होती हे कॅमशाफ्टच्या सेन्सरवरून ठाऊक असतेच. मग कोड लिहिला जातो: दोन नंबरच्या सिलिंडरसाठी पी ०३०२, तिसऱ्यासाठी पी ०३०३, आणि चुका कुठेही विखुरलेल्या असतील तर पी ०३००.

यातली खरी अडचण रस्त्याची. चाक खड्ड्यात आपटले की त्याचा हिसका ड्राइव्हशाफ्ट, गिअरबॉक्स, क्लच असा उलटा चढत क्रँकपर्यंत पोहोचतो आणि क्रँकची चाल तशीच बिघडते जशी ठिणगी चुकल्यावर बिघडावी. मग खड्डा कोणता आणि मिसिंग कोणती? यासाठी अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर एबीएसच्या सेन्सरांकडे पाहतो. चाकांचाच वेग कापत असेल तर रस्ता खराब आहे असे धरून तो मिसिंगची मोजणी तेवढ्यापुरती बाजूला ठेवतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यांवर ही सोय किती राबत असेल याची कल्पना करा.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. दातेरी चाक कितीही काळजीने केले तरी दाते हुबेहूब सारखे होत नाहीत, आणि टक्क्याच्या आतला फरक मोजायचा तर ही खोटही मोठी ठरते. म्हणून कॉम्प्युटर संधीची वाट पाहतो. उतारावर आपण अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढतो तेव्हा इंजेक्टर बंद होतात आणि कुठल्याच सिलिंडरात काही पेटत नाही. त्या काही सेकंदांत चालीत जो असमानपणा दिसेल तो चाकाचा स्वतःचा. कॉम्प्युटर तो शिकून घेतो आणि पुढच्या मोजणीतून वजा करतो. अशा गाड्यांत क्रँकचा सेन्सर बदलल्यावर हे शिकणे पुन्हा व्हावे लागते. ते झाले नाही, तर धडधाकट इंजिनावरही मिसिंगचा आळ येऊ शकतो.

ही सगळी व्यवस्था गाडीमालकाच्या सोयीसाठी उभी राहिलेली नाही. न पेटलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाते. तिथे प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप दिलेली सिरॅमिकची जाळी असते, आणि इंजिनात न पेटलेले ते इंधन या जाळीत पेटते. जाळी लाल होते, फार झाले तर वितळून वाट बुजवते. कॅलिफोर्नियाच्या हवेचा प्रश्न सोडवताना तिथल्या नियामकांनी मिसिंगवर सतत पहारा ठेवणे गाड्यांना बंधनकारक केले, १९९६ च्या मॉडेलांपासून सगळ्या अमेरिकेत तो नियम झाला, आणि आपल्याकडे २०१० च्या दशकात बीएस-४ गाड्यांबरोबर ही पद्धत रुळली. कॉम्प्युटर साधारणपणे दोन हिशेब ठेवतो: २०० फेऱ्यांचा आणि १,००० फेऱ्यांचा. २०० फेऱ्यांत चुका फार झाल्या तर कन्व्हर्टर जळण्याचा धोका, म्हणून इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. १,००० फेऱ्यांच्या हिशेबात प्रमाण थोडे वाढले तर तो नुसता पेटून राहतो. पेटलेला दिवा घेऊन सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. लुकलुकणाऱ्या दिव्याला मात्र अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढणे हेच उत्तर.

आता ठिणगीकडे. बॅटरी १२ व्होल्टची. प्लगच्या दोन टोकांतली फट मिलिमीटरभर. ती ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात, आणि ते येतात १८३६ मध्ये सापडलेल्या युक्तीतून. आयर्लंडमध्ये मेनूथच्या धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात निकोलस कॅलन नावाचे पाद्री विज्ञान शिकवत. त्यांनी लोखंडाच्या गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे पुष्कळ वेढे घातले, जाड तारेतला प्रवाह एकदम तोडला, आणि बारीक तारेच्या टोकांना प्रचंड व्होल्टेज उभे राहिले. व्होल्टेज मोजायचे साधन नव्हते, म्हणून विद्यार्थ्यांना झटका कितपत बसतो यावरून ते अंदाज घेत. आजच्या गाडीतली इग्निशन कॉइल ही त्याच गुंडाळीची लेक आहे. दोन-तीन मिलिसेकंद तिच्यात काही अँपिअर प्रवाह भरायचा आणि झटक्यात तोडायचा. बारीक तार केसाइतकी, वेढे हजारो, आणि शेजारशेजारच्या वेढ्यांमध्ये फक्त लाखेसारख्या लेपाचा पातळ पदर. हे सगळे राळेत ओतून घट्ट केलेले, आणि तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावर बसवलेले.

किती व्होल्टेज तयार होणार, हे कॉइल ठरवत नाही, प्लग ठरवतो. प्रवाह तुटला की व्होल्टेज शून्यापासून चढू लागते, आणि फटीतली हवा फुटून वाट मोकळी झाली की चढणे थांबते. फट सहज फुटली तर दहा-एक हजारांवर काम भागते. हट्टाने राहिली तर वीस, पंचवीस, तीस हजार. फट किती हट्टी हे कशावर अवलंबून, ते फ्रीड्रिख पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवले: वायूचा दाब आणि दोन टोकांतले अंतर यांच्या गुणाकारावर. मोकळ्या हवेत मिलिमीटरभर फटीला तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरात पिस्टनने हवा दाबून धरलेली असते, तिथे काही पटींनी जास्त लागतात.

इथून खरी गंमत सुरू होते. सपाट रस्त्यावर पाय हलका असतो, थ्रॉटल जेमतेम उघडे, हवा थोडीच आत येते, त्यामुळे दाबल्यावरचा दाबही कमी आणि ठिणगीची मागणीही कमी. चढावर पाय दाबला की थ्रॉटल उघडते, सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो, आणि ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते. फटीची मागणी अशी थेट चालकाच्या उजव्या पायाला बांधलेली असते. त्यात इंधन सीएनजी असेल तर मागणी आणखी चढते. गॅसचे मिश्रण पेट्रोलपेक्षा पेटायला हट्टी.

आता ३० कोटी ठिणग्यांनी काय केले ते पाहा. प्रत्येक ठिणगी क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाहून तप्त असते आणि प्लगच्या टोकाचे काही अणू घेऊन जाते. धातू झिजतो, फट रुंदावते. साधा निकेलचा प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरांत दमतो. इरिडियमचा लाखाच्या आसपास जातो, कारण इरिडियम वितळायला २,४४६ अंश सेल्सिअस लागतात आणि तो झिजता झिजत नाही. (हा धातू पृथ्वीच्या कवचात अतिशय विरळ. इटलीतल्या गुब्बिओजवळ एका पातळ मातीच्या थरात तो अवाजवी सापडला, म्हणून लुइस आणि वॉल्टर आल्वारेझ या पिता-पुत्रांनी सहकाऱ्यांसह १९८० मध्ये मांडले की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला असावा. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्या लाव्ह्यातून घडला, तो लाव्हा साधारण त्याच काळात इथे वाहत होता. घाट चढणाऱ्या गाडीच्या प्लगात तो धातू आणि चाकांखाली तो कातळ, हा योग मला विलक्षण वाटतो.)

प्लग झिजत असताना दुसऱ्या बाजूला कॉइल म्हातारी होत असते. रोज तापणे, रोज निवणे. राळेला बारीक भेगा पडतात, लेप ठिसूळ होतो, रबरी टोपी कडक होते. ती देऊ शकेल ते व्होल्टेज वर्षागणिक उतरते आणि प्लगची मागणी वर्षागणिक चढते. नव्या गाडीत या दोन आकड्यांमध्ये भरपूर अंतर ठेवलेले असते. दीड-दोन लाख किलोमीटरांत ते आटत जाते, आणि एक दिवस दोन्ही आकडे एकमेकांना टेकतात. ते सगळीकडे एकदम टेकत नाहीत. सगळ्यांत अवघड जागी आधी टेकतात: चढ, वरचा गिअर, दाबलेला पाय, एसी चालू, गॅसवर. सपाटीवर अजून अंतर शिल्लक असते, म्हणून तिथे गाडी ठणठणीत. मधूनच होणाऱ्या मिसिंगचे बहुतेक गूढ एवढेच आहे, आणि मला ते अतिशय सुंदर वाटते. गाडी सांगत असते की अजून फक्त टोकाच्या प्रसंगीच आपल्याला कमी पडते आहे.

हे एका उदाहरणावर लावून पाहू. सव्वा लिटरच्या आतले इंजिन, पेट्रोल आणि सीएनजी, मीटरवर १ लाख ९० हजार. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी चढू लागली की चौथ्या गिअरमध्ये, २,००० फेऱ्यांच्या आसपास, तीन-चार धक्के. तिसरा गिअर टाकला की बंद. परत येताना बोगद्याकडून आल्यावर काही नाही. पावसाळ्यात जास्त. असे तपशील सांगणारा मालक मेकॅनिकसाठी निम्मे काम करून आलेला असतो.

पहिले काम स्कॅनर लावून वाचणे, आणि वाचायचे फक्त. कोडबरोबर कॉम्प्युटरने त्या क्षणाची नोंद ठेवलेली असते: वेग किती होता, फेरे किती, इंजिनावर भार किती, कूलंटचे तापमान किती. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. स्कॅनर लावून आधी कोड उडवायचा आणि "परत आला तर बघू" म्हणायचे, ही आपल्या गॅरेजांमधली सर्वांत महागडी सवय आहे. घटनास्थळ धुऊन काढल्यावर तपास करायचा कसा?

इथे कोड आहे पी ०३०२. आता एक तपासणी अशी, जी सीएनजी बसवलेल्या गाडीलाच फुकटात मिळते. तोच चढ, तोच गिअर, तोच पाय, एकदा गॅसवर आणि एकदा पेट्रोलवर. दोन इंधनांचे इंजेक्टर वेगळे, नळ्या वेगळ्या, पण प्लग आणि कॉइल त्याच. गॅसवर मिसिंग आणि पेट्रोलवर जवळपास नाही, असे दिसले तर संशय ठिणगीच्या काठावर येऊन ठेपण्याचा. पेट्रोलवरच मिसिंग आणि गॅसवर ठीक असेल तर ठिणगीला दोष देण्यात अर्थ नाही; पेट्रोलचा इंजेक्टर किंवा पंप पाहा. एका इंजिनावर असा सरळ प्रयोग करायची सोय जगातल्या बहुतेक मेकॅनिकांकडे नाही, आपल्याकडे रिक्षास्टँडपासून टॅक्सीस्टँडपर्यंत आहे.

समजा, गॅसवरच होते. मग अदलाबदल: दोन नंबरची कॉइल तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. एका वेळी एकच वस्तू हलवायची, नाहीतर कोड सरकल्यावर श्रेय कोणाला द्यायचे ते कळत नाही. कॉइल खराब असेल तर पुढच्या वेळी पी ०३०३ यायला हवा. पण येतो पुन्हा पी ०३०२. काही दिवसांनी मात्र ०३०३ सुद्धा उगवतो. आता दोन आणि तीन, शेजारशेजारचे सिलिंडर. इथे घाईचा मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट गेले, हेड खोलू. काही हजारांचे काम निघते.

खरे उत्तर प्लग बाहेर काढल्यावर दिसते. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिथे तळाशी ऑइल साचलेले. टॅपेट कव्हरचे पॅकिंग उष्णतेने कडक होऊन कुठेतरी सुटले आहे. दोन नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर वरून खाली गेलेली एक काळी, पेन्सिलने ओढावी तशी रेघ. तपकिरी कडे असते ते वेगळे. धातूच्या अंगालगत सिरॅमिकभोवती दिसणारे ते कडे तीव्र विद्युतक्षेत्राने ओढलेल्या ऑइलच्या कणांचे असते आणि निरुपद्रवी असते. त्यावरून कॉम्प्रेशन लीक आहे म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटतात. काळी रेघ मात्र विजेने जाळून पाडलेली वाट आहे.

विजेसमोर दोन वाटा असतात. एक प्लगच्या फटीतून, सिलिंडरच्या आत, जिथे जायला हवे तिथे. दुसरी बाहेरून, सिरॅमिकच्या पृष्ठभागावरून खाली लोखंडापर्यंत. दुसरी वाट फटीपेक्षा कितीतरी लांब, म्हणून एरवी वीज तिकडे वळत नाही. पण बाहेरच्या वाटेवरचा दाब कायम एकच, आपल्या भोवतालच्या हवेचा. आतल्या वाटेवरचा दाब पायाबरोबर चढतो-उतरतो. सपाटीवर आतली वाट सोपी, वीज आत जाते. खंबाटकीच्या चढावर आतली वाट अवघड होत जाते, आणि एका क्षणी ऑइलने मळलेली, पावसाळी ओल धरलेली बाहेरची वाट तिच्याहून सोपी ठरते. वीज बाहेरून निघून जाते, सिलिंडर पेटत नाही, क्रँक मंदावतो, कोड लिहिला जातो. तिसऱ्या गिअरमध्ये फेरे वाढतात, तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल कमी उघडावे लागते, दाब उतरतो आणि वीज शहाण्यासारखी आत परतते. ही निवड २,००० फेऱ्यांना सेकंदाला सोळा-सतरा वेळा होत असते, दर वेळी नव्याने, त्या क्षणीच्या दाबावर.

जितक्या वेळा ती बाहेरून जाते, तितका रेघेतला कोळसा वाढतो आणि वाट आणखी सोपी होते. कोळसा प्लगवर एकट्यावर नसतो. त्याच्यावर चढलेल्या रबरी टोपीच्या आतही तशीच रेघ उमटते. म्हणून तर कॉइल हलवल्यावर सुरुवातीला कोड दोनवरच राहिला, कारण प्लगची रेघ जागची हलली नव्हती, आणि मग तीनही दिसू लागला, कारण डागलेली टोपी कॉइलबरोबर तिथे गेली आणि तिने तिसऱ्या प्लगवर नवी रेघ पाडली. हेडचा यात काहीच दोष नाही. नवा प्लग जुन्या टोपीत घातला तर टोपी त्याला डागते, नवी टोपी जुन्या प्लगवर चढवली तर प्लग तिला. दोन्ही एकदम बदलायला हवेत, आणि त्याआधी टॅपेट कव्हरचे पॅकिंग, नाहीतर विहीर पुन्हा भरेल. चारही प्लग बदलायचे. चौघांनी सारखेच किलोमीटर पाहिलेले असतात. नुसती नवी कॉइल टाकून जुना, फट रुंदावलेला प्लग ठेवला तर नव्या कॉइलला जन्मापासून पंचवीस हजारांच्या वर राबावे लागते. फट फुटलीच नाही तर तिच्यातली ऊर्जा कुठेतरी जाणारच, आणि मग ती कॉइलचाच लेप फोडून जाते. "नवीन टाकली तरी सहा महिन्यांत गेली" या तक्रारीमागे पुष्कळदा हाच प्लग असतो.

सगळी मिसिंग ठिणगीचीच असते असे मात्र नाही, आणि वेळ-प्रसंग पाहिला की वाटा वेगळ्या होतात. पाय दाबल्यावर होणारी बहुधा ठिणगीची. उलट, सिग्नलवर उभे असताना थरथर आणि पळवली की मऊ, असे असेल तर चोरून येणाऱ्या हवेचा संशय घ्यावा. गाडी उभी असताना इंटेकच्या नळीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा खूप कमी असतो; एका सिलिंडरच्या नळीजवळचे पॅकिंग किंवा रबरी पाइप फुटला तर तिथून हवा ओढली जाते आणि त्या सिलिंडराचे मिश्रण पातळ होते. पायाखाली थ्रॉटल उघडले की त्या चोरीचे प्रमाण नगण्य ठरते. इंजेक्टर हाही याच वेळी उघडा पडतो. उभ्या गाडीत तो एका वेळी पाच-सहा मिलिग्रॅम पेट्रोल टाकतो. तोंडाशी थोडा कचरा साचला तरी तेवढ्या मापात मोठी तूट येते.

गरम झाल्यावर, उभी असताना, आणि गॅसवर बरीच चाललेली गाडी, ही तिन्ही लक्षणे जुळली तर टॅपेट तपासायला हवेत, आणि हे आपल्या शहरांत फार दुर्लक्षित राहते. गॅस कोरडा, झडप आपल्या बैठकीवर आपटत राहते आणि दोन्ही हळूहळू झिजतात. झडप किंचित वर सरकते, टॅपेटमधली फट कमी होत जाते, आणि एक दिवस गरम झाल्यावर लांबलेली झडप पुरती बसतच नाही. कॉम्प्रेशन निसटते. सैल टॅपेट खटखटतो, म्हणून लोक त्याच्याकडे लक्ष देतात. घट्ट झालेला टॅपेट गप्प असतो, इंजिन उलट गोड वाजते, आणि झडप जळत राहते. थंड इंजिनावर कॉम्प्रेशन पाहून "ठीक आहे" म्हणणाऱ्याला तो सापडत नाही. गेज गरम इंजिनाला लावावा लागतो.

आणि एक फसवणूक, जिच्यात कॉम्प्युटरही अडकतो. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल त्याला दिसत नाही. ठिणगी चुकली तर त्या सिलिंडरातला ऑक्सिजन आणि पेट्रोल दोन्ही न वापरता बाहेर येतात. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो म्हणतो मिश्रण पातळ आहे, कॉम्प्युटर सगळ्यांना जास्त पेट्रोल देऊ लागतो. स्कॅनरवर ‘मिश्रण पातळ’ असे वाचून कोणी इंजेक्टर धुवायला काढतो, कोणी पंप बदलतो. धूर मात्र पेट्रोलचा वास मारत असतो. अशा वेळी मला यंत्रापेक्षा नाकावर जास्त विश्वास ठेवावासा वाटतो.

दुरुस्ती झाली हे सिद्ध करणे हे निदानाइतकेच अवघड, कारण जो बिघाड मधूनच होतो तो दिसला नाही याचा अर्थ गेला असा होत नाही. गल्लीतल्या चकरेला तो आधीही दिसत नव्हताच. म्हणून फ्रीझ फ्रेममध्ये नोंदवलेली परिस्थिती पुन्हा घडवायची: तोच चढ, चौथा गिअर, २,००० फेरे, गॅस, एसी, दाबलेला पाय, जमल्यास पावसाळी दिवस. शेजारी बसलेल्याच्या हातात स्कॅनर, आणि पडद्यावर ज्या गाड्या दाखवतात त्यांत प्रत्येक सिलिंडरच्या चुकांची वेगळी मोजणी. दिवा पेटायला बऱ्याच चुका लागतात, ही मोजणी एका चुकीलाही हलते. चौथ्या गिअरमध्ये अख्खा घाट चढून चारही आकडे शून्यावर राहिले, तर काम झाले. त्यानंतर एकदा कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर पाहून घ्यावा. पुढचा सेन्सर वर-खाली हलत असताना मागचा जवळजवळ स्थिर असेल तर जाळी शाबूत आहे. तोही पुढच्यासारखाच हलत असेल, तर इतके दिवस न पेटलेल्या पेट्रोलने आपले काम केलेले आहे आणि पुढचा खर्च तिथला.